रंगारी विल्यम मॉरिस

सन १८७६ च्या सुमाराची गोष्ट. इंग्लंडातील स्टॅफर्डशायर परगण्यात लीक नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील एका रंगाच्या कारखान्यात बेचाळीस वर्षांचा एक धिप्पाड मनुष्य दिवसभर राबत असे. अंगात जाडाभरडा अंगरखा, पायांत लाकडी जोडे, विस्कटलेले दाट केस, भरघोस दाढी आणि कोपरापर्यंत निळे झालेले हात! धुऊन-घासूनही तो निळा रंग जात नसे. तसल्याच हातांनी तो जेवे आणि तसल्याच हातांनी लंडनला परत जाई. हा मनुष्य पोटासाठी रंगारी झाला नव्हता. तो श्रीमंत घरात जन्मला होता, ऑक्सफर्डच्या विद्यापीठात शिकला होता आणि कवी म्हणून साऱ्या इंग्लंडात गाजलेला होता. त्याचे नाव विल्यम मॉरिस.

एवढ्या नामांकित माणसाने निळीच्या पिंपात हात का बुडवावे? त्याचे उत्तर त्याच्या आयुष्यातच सापडते.

विल्यमचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी लंडनजवळच्या वॉल्थमस्टो या गावी झाला. वडील लंडनच्या पेढ्यांत दलाली करीत. तो सहा वर्षांचा असताना हे कुटुंब एपिंगच्या अरण्यालगत एका प्रशस्त वाड्यात राहावयास गेले. या अरण्याने त्या मुलाला वेड लावले. त्याच्याजवळ एक तट्टू होते आणि त्याच्या मापाचे खेळण्यातले एक चिलखतही होते. ते अंगावर चढवून तो तट्टावर बसे आणि झाडांमधून एखाद्या जुन्या काळच्या सरदारासारखा हिंडे. परंतु हिंडताना त्याचे डोळे मिटलेले नसत. कोणत्या झाडाचे पान कसे कातरलेले आहे, कोणता पक्षी कोणत्या फांदीवर बसतो, वेल काठीभोवती कोणत्या बाजूने वळते, हे सारे तो टिपून ठेवी. घरी वनस्पतींचे वर्णन करणारा एक जुना सचित्र ग्रंथ होता. तो उघडून त्याने पाहिलेली झाडे त्यात शोधावी आणि ग्रंथात दिसलेली झाडे रानात शोधावी, हा त्याचा खेळ. पुढे त्याने कापडावर जी पाने-फुले उमटविली, त्यांची बीजे या दिवसांत पेरली गेली.

तो तेरा वर्षांचा असताना वडील वारले. घरात पैशाची ददात मात्र पडली नाही. डेव्हन परगण्यातील तांब्याच्या एका मोठ्या खाणीचे भाग वडिलांनी घेऊन ठेवले होते आणि ती खाण भरभराटीला आली होती. विल्यम वयात आला तेव्हा त्याला या भागांपासून वर्षाला सुमारे ९०० पौंड मिळू लागले. त्या काळी एखाद्या कुटुंबाने ऐषआरामात राहावे एवढी ही रक्कम होती. या खाणीची आठवण मात्र वाचकांनी ठेवावी. तिचा संबंध पुढे यावयाचा आहे.

१८५१ साली लंडनमध्ये काचेच्या अवाढव्य महालात जगातील कारखानदारीचे एक मोठे प्रदर्शन भरले. सारे लंडन तेथे लोटले होते. सतरा वर्षांचा विल्यमही घरच्या मंडळींबरोबर गेला. पण आतील भडक व बोजड वस्तूंची कल्पना येताच तो बाहेरच बसून राहिला, अशी आठवण सांगतात. त्या काळच्या इंग्लंडातील बैठकीच्या खोल्या पाहिल्या असत्या, तर त्याचा हा रुसवा कळला असता. यंत्रे धडाधडा माल काढीत होती. कोचांत घोड्याचे केस ठासून भरलेले, त्यावर मखमल ताणून गुंड्यांनी आवळलेली. गालिच्यावर खऱ्या गुलाबांपेक्षा मोठे गुलाब. आणि पडद्यांचे रंग असे की जणू एकमेकांशी भांडताहेत. वस्तू पुष्कळ होत्या, परंतु त्या करणाऱ्याच्या हाताचा स्पर्श कोठेच नव्हता.

विल्यम १८५३ साली धर्मोपदेशक होण्याच्या इराद्याने ऑक्सफर्डला गेला. तेथे त्याला एडवर्ड बर्न-जोन्स हा जन्माचा मित्र भेटला. हा बर्मिंगहॅमच्या एका चौकटी बनविणाराचा मुलगा. दोघांनी मिळून कविता वाचल्या, जुनी चर्चे पाहिली. १८५५ च्या उन्हाळ्यात उत्तर फ्रान्समधील जुनी मंदिरे पाहून परतताना त्यांचा निश्चय झाला की, आपण धर्मोपदेशक व्हावयाचे नाही. बर्न-जोन्स चित्रकार झाला. मॉरिस प्रथम वास्तुशिल्प शिकण्यास एका कचेरीत उमेदवार राहिला, काही महिन्यांत तेथून निघाला. मग चित्रे काढू लागला, तेथेही त्याचे मन फार काळ रमले नाही. वडीलधाऱ्यांना हा मुलगा धरसोड्या वाटला असल्यास नवल नाही. परंतु त्या कचेरीत त्याला फिलिप वेब हा दुसरा एक मित्र मिळाला आणि ही जोड आयुष्यभर पुरली.

१८५९ साली मॉरिसने जेन बर्डन हिच्याशी लग्न केले. ती एका घोड्याच्या तबेल्यात काम करणाराची मुलगी. वेबने या जोडप्यासाठी केंट परगण्यात लाल विटांचे एक सुंदर घर बांधून दिले. घर तयार झाले, पण आत ठेवावयाचे काय? मॉरिसने दुकाने धुंडाळली. मनास येईल अशी खुर्ची मिळेना, पडदा मिळेना, साधा दिवाही मिळेना. जे दुकानात नाही ते आपण करू, असे म्हणून सारी मित्रमंडळी कामाला लागली. वेबने मेजे व दिवे यांचे नमुने काढले, बर्न-जोन्सने कपाटे व भिंती चितारल्या. मॉरिसने जुन्या भरतकामाचे तुकडे उसवून टाके कसे घातले आहेत ते शोधून काढले आणि जेनला शिकविले. जेनला लंडनच्या एका दुकानात निळ्या रंगाचे साधे लोकरी कापड सापडले. ती ते हर्षाने घरी घेऊन आली. त्यावर दोघांनी लाल, पांढऱ्या, पिवळ्या फुलांची झुडपे भरली आणि ते पडदे निजावयाच्या खोलीत भिंतींवर सोडले. स्वस्तातल्या कापडाने ती खोली राजवाड्याहून शोभिवंत झाली.

याच घरातून एक धंदा जन्माला आला. १८६१ साली मॉरिस व त्याचे मित्र यांनी मिळून एक मंडळी काढली. प्रत्येकाने एकेक पौंड घातला आणि मॉरिसच्या आईने शंभर पौंड उसने दिले. रंगीत काचा, भरतकाम, लाकडी सामान, भिंतीवर चिकटवावयाचे छापील कागद असे नानाविध काम ही मंडळी करी. पहिल्या कागदांपैकी एकावर लाकडी जाळी, त्यावर चढलेला गुलाब आणि मधूनमधून बसलेले पक्षी होते. मॉरिसला पक्षी तितकेसे साधत नसत, म्हणून ते वेबने काढून दिले. १८७५ साली भागीदारी मोडून मॉरिस एकटाच मालक झाला.

या मंडळीने केलेल्या खुर्च्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ससेक्स परगण्यातील एका म्हाताऱ्या सुताराकडे मंडळीच्या व्यवस्थापकाने एक जुनी खुर्ची पाहिली. तिची पाठ मागेपुढे हलवून हवी तशी कलती ठेवता येई. त्याने तिचे रेखाटन पाठविले आणि त्यावरून वेबने नवी खुर्ची घडविली. तिला ठासून भरलेले फुगीर अंग नव्हते. लाकडाचा सांगाडा उघडा, रेखीव आणि हलका. त्यावर बसण्यास एक गादी व टेकण्यास एक गादी, दोन्ही सुट्या. गाद्यांना मढविलेले कापड हेच त्या खुर्चीचे सौंदर्य. आपल्याकडील बैठकीवर गादी, लोड व तक्के असतात आणि अभ्रा बदलला की साऱ्या बैठकीचे रूप पालटते, तशातलाच हा प्रकार होता. इंग्लंडात हिवाळा कडक. तेव्हा दारे-खिडक्यांना लोकरीचे जाड पडदे लागत. उन्हाळ्यात त्यांच्या जागी हलके छापील सुती कापड येई आणि मढविलेल्या सामानावरही त्याचे सैल अभ्रे चढत. या छापील कापडाला इंग्रजीत जो शब्द आहे, तो आपल्या चीट या शब्दाचाच भाऊबंद होय. आपल्या देशातील चिटे जहाजांतून विलायतेस गेली, त्यांच्याबरोबर हे नावही गेले. पाठ कलती करता येणाऱ्या त्या खुर्चीला पुढे मॉरिस खुर्ची असेच नाव पडले आणि अमेरिकेत तर तिच्या असंख्य नकला झाल्या.

कापड आले, तशी रंगाची अडचण उभी राहिली. १८५६ साली विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून कोयनेल करण्याच्या खटपटीत अकस्मात एक जांभळा रंग शोधून काढला. त्यामागून असे अनेक रसायनी रंग निघाले. ते स्वस्त होते व झटपट चढत. परंतु त्या काळचे हे रंग पहिल्या दिवशी डोळ्यांत खुपत आणि काही महिने ऊन लागले की विटून जात. मॉरिसला दोन्ही गोष्टी सहन होईनात. जुन्या काळच्या झाडपाल्याच्या रंगांनी रंगविलेले कापड त्याने पाहिले होते. ते शेकडो वर्षांनी फिके झाले तरी फिकेपणातही शोभत असे. पण ती विद्या इंग्लंडात जवळजवळ नष्ट झाली होती. तेव्हा त्याने जुने ग्रंथ गोळा केले, ते वाचून काढले आणि लीक गावची वाट धरली. तेथे टॉमस वॉर्डल या जाणत्या रंगाऱ्याचा कारखाना होता. हा वॉर्डल पुढे हिंदुस्थानातील रानटी रेशमाचा मोठा अभ्यासक म्हणून प्रसिद्ध झाला. विदर्भात ज्याला कोसा म्हणतात, ते टसर रेशीम त्याच्या विशेष आवडीचे.

लीकमध्ये मॉरिसने पहिल्यापासून धडे गिरविले. मंजिष्ठाच्या जातीच्या झुडपाच्या मुळांपासून लाल, किरमिजी कीटकांपासून गर्द तांबडा, अक्रोडाच्या सालींपासून तपकिरी आणि वेल्ड नावाच्या रानवनस्पतीपासून पिवळा. हे रंग तुरटीसारख्या क्षारांच्या साहाय्याने धाग्यावर पक्के बसवावयाचे. पाणी किती तापवावे, धागा किती वेळ बुडवावा, यांत थोडी चूक झाली की सारी मेहनत वाया. एकदा तो आपल्या खेड्यातील घरी मासे पकडावयास गेला असता, मधल्या वेळात त्याने पॉप्लर झाडाच्या कोवळ्या काड्या तोडून उकळल्या आणि त्यात लोकरीची एक बट पिवळी करून पाहिली! ज्याला रानातील काडीत रंग दिसतो, त्याला सुट्टी कसली?

त्याला सर्वांत अधिक छळले ते निळीने. नीळ पाण्यात सरळ विरघळत नाही. तिला कोंडा वगैरे घालून आंबवावे लागते. हे पिंप सांभाळणे एखादे जनावर पाळण्यासारखेच. ते फार थंड होऊन चालत नाही, फार तापून चालत नाही आणि बिघडले की घाण सुटते. परंतु साधले, तर जादू पाहावी. पिंपातून काढलेले सूत प्रथम पिवळट हिरवे दिसते. मग हवा लागताच पाहता पाहता ते निळे होत जाते. ही जादू हवेतील प्राणवायूची. त्या काळी युरोपच्या बाजारात येणारी पुष्कळशी नीळ बंगाल-बिहारातून जात असे. ती पिकविणाऱ्या रयतेवर निळीच्या मळेवाल्यांनी केलेल्या जुलमामुळे १८५९ साली बंगालात शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला होता. सुंदर रंगामागे कोणाचे हाल आहेत, हे कापडाकडे पाहून कधी कळत नाही.

लीकमधील ते दिवस मॉरिसला दुसऱ्याही कारणाने जड गेले. १८७६ सालीच त्याची थोरली मुलगी जेनी हिला अपस्माराचा विकार जडला. ती अवघी पंधरा वर्षांची होती व मोठी हुशार होती. तिचे शिक्षण थांबले आणि बापाच्या काळजात कायमचा काटा रुतला. तो तिला नियमाने पत्रे लिही आणि आपल्या रंगांच्या व मागांच्या हकीकती कळवी. काम त्याने सोडले नाही. उलट अधिकच वाढविले.

रंग हाती येऊ लागताच तो विणकामाकडे वळला. १८७७ साली त्याने फ्रान्समधील लिऑन शहराहून एक निष्णात विणकर बोलावून घेतला आणि नक्षीचे कापड विणण्याचा माग लंडनमध्ये उभा केला. त्याच्या अनेक नक्ष्यांत पक्ष्यांची एक जोडी फार गाजली. १८७८ साली त्याने थेम्स नदीच्या काठी हॅमरस्मिथ येथे घर घेतले आणि त्याच्या दिवाणखान्याच्या भिंती याच निळसर लोकरी कापडाने झाकल्या. ते कापड ताणून ठोकलेले नव्हते. चुण्या पाडून सोडलेले होते. माणूस चालला की पक्षी हलल्यासारखे दिसत. घरामागच्या गाड्या ठेवण्याच्या जागेत त्याने गालिच्यांचे माग बसविले. तेथे स्त्रिया हाताने एकेक गाठ मारून गालिचे विणीत आणि कोपऱ्यात हातोडा, म हे अक्षर व पाण्याच्या लाटा अशी खूण घालीत.

भिंतीवर टांगावयाचे चित्रमय कापड विणण्याची कला तर अधिकच बिकट. ती शिकविणारा जवळपास कोणी नव्हता. मॉरिसने एका जुन्या फ्रेंच पुस्तकावरून माग करविला आणि तो आपल्या निजावयाच्या खोलीतच उभा केला. पहाट झाली की तो उठे आणि इतरांची झोप पुरी होण्यापूर्वी मागावर बसे. १८७९ च्या मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत त्याने अशा तऱ्हेने आपले पहिले चित्र विणले आणि त्याला लागलेला वेळ रोज वहीत टिपून ठेवला. एकूण भरले ५१६ तास! त्यात वेली व पक्षी होते. मोठी मोठी वळलेली पाने मात्र अशी उतरली की, घरची मंडळी त्याला कोबीचे चित्र म्हणू लागली.

अखेर १८८१ साली त्याला मनाजोगी जागा मिळाली. लंडनच्या दक्षिणेस मर्टन येथे वँडल नदीच्या काठी सुमारे सात एकरांची ती जागा होती. तेथे पूर्वी रेशमी कापड छापण्याचा धंदा चालत असे. नदीचे पाणी रंगकामाला योग्य होते, काठावर पॉप्लर व विलोची झाडे होती आणि जुन्या लाकडी छपरांखाली मागांना पुरेसा उजेड येई. निळीचे खोल हौद जमिनीत बसविले. कामगारांच्या डोळ्यांसमोर फुले असावीत म्हणून बाग ठेवली. त्या काळच्या काळ्या धुराच्या गिरण्या ज्यांनी पाहिल्या होत्या, त्यांना हा कारखाना आहे हे खरे वाटत नसे.

कापड छापण्याची जी रीत लीकला साधली नव्हती, ती येथे १८८२ साली साधली. सामान्यतः पांढऱ्या कापडावर हवा तेथे रंग छापतात. मॉरिसने उलट केले. सबंध कापड आधी निळीत बुडवून गडद निळे करावयाचे. मग लाकडी ठशाने, जेथे पांढरे हवे तेथे रंग काढून टाकणारे द्रव्य लावावयाचे. ठसा कापडावर ठेवून त्याच्या पाठीवर मोगरीचा ठोका द्यावयाचा. कापड धुतले की निळ्यातून पांढरी नक्षी उमलते. त्यावर पुन्हा लाल, पुन्हा पिवळा; आणि पिवळा जेथे फिकट निळ्यावर पडे तेथे आपोआप हिरवा. प्रत्येक रंगानंतर कापड धुवावयाचे आणि गवतावर उन्हात पसरावयाचे. एक कापड पुरे व्हावयास कित्येक दिवस लागत. या कापडांना त्याने थेम्सला मिळणाऱ्या लहान लहान नद्यांची नावे दिली.

या रीतीने छापलेल्या कापडांत १८८३ सालचे एक कापड सर्वांत प्रसिद्ध आहे. ऑक्सफर्डशायरमधील केल्मस्कॉट या खेड्यात मॉरिसने जुने दगडी घर भाड्याने घेतले होते. तेथील बागेत स्ट्रॉबेरी पिके आणि थ्रश पक्षी जाळीखाली शिरून ती लांबवीत. माळी चिडून पक्ष्यांच्या माना मुरगाळावयास निघाला. मॉरिसने त्याला अडविले, असे सांगतात. त्याने त्या चोरांना शिक्षा केली ती एवढीच की, चोचीत फळ धरलेले ते जसेच्या तसे कापडावर उमटविले. आज दीडशे वर्षे होत आली तरी ती नक्षी पडद्यांवर व गाद्यांच्या अभ्र्यांवर छापली जात आहे.

आता मॉरिसच्या आयुष्यातील अवघड भागाकडे वळले पाहिजे. त्याला मनापासून वाटे की, सुंदर वस्तू मूठभर धनिकांसाठी नसाव्यात. ज्या कामात करणाऱ्याला आनंद होतो, ते काम पाहणाऱ्यालाही आनंद देते; आणि गिरणीत बारा-बारा तास पिळून निघणाऱ्या मजुराला असा आनंद मिळणे शक्य नाही. पण हाताने, सावकाश, उत्तम मालमसाला वापरून केलेल्या वस्तू महाग पडत. त्या घेत कोण? लोखंडाचे कारखानदार आणि सरदार-जहागीरदार! एकदा अशाच एका कारखानदाराचे घर सजवीत असता तो संतापून येरझारा घालू लागला आणि श्रीमंतांच्या चैनीची सेवा करण्यात आपला जन्म जात आहे, असे त्याने यजमानालाच सुनावले. साधी वेताच्या जातीच्या गवताने विणलेली खुर्ची त्याच्या दुकानात थोड्या शिलिंगांत मिळे, हे खरे. परंतु त्याचे गालिचे गरिबाच्या घरी कधीच गेले नाहीत.

आणि ती तांब्याची खाण? तांबे कमी होऊ लागले तशी ती सोमल काढू लागली आणि जगातील सोमलाच्या मोठ्या खाणींपैकी एक झाली. सोमल हे जालीम विष. परंतु त्यापासून एक सुरेख हिरवा रंग होत असे आणि तो त्या काळी भिंतीच्या कागदांवर सर्रास वापरीत. मॉरिसच्या सुरुवातीच्या कागदांतही तो होता, हे पुढे प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा सिद्ध झाले. मॉरिस काही वर्षे या खाणीचा संचालक होता. १८७५ च्या सुमारास त्याने ते पद सोडले आणि सभांना जाताना घालावी लागणारी उंच रेशमी टोपी खुर्चीवर ठेवून तिच्यावर तो खुशाल बसला. तथापि सोमलाच्या रंगाने माणसे आजारी पडतात, हे डॉक्टरांचे म्हणणे त्याने अखेरपर्यंत मनावर घेतले नाही; तो ते खूळ समजे. लोकांची ओरड झाली, म्हणून त्याच्या कागदांतून तो रंग गेला. एवढा सहृदय माणूस, पण येथे तो चुकला. खाणीत सोमल खरवडणाऱ्या मजुरांविषयी त्याने काही लिहून ठेवल्याचे आढळत नाही.

तरी आपल्या मनातील विसंगतीवर पांघरूण घालून स्वस्थ बसणाऱ्यांपैकी तो नव्हता. १८८३ साली तो समाजवादी झाला. त्यानंतर त्याने थंडी-वाऱ्यात रस्त्यांच्या कोपऱ्यांवर उभे राहून मजुरांसमोर व्याख्याने दिली, स्वतःच्या पैशाने वर्तमानपत्र चालविले. जुनी गिऱ्हाइके कुजबुजू लागली, मित्र दुरावले. त्याने पर्वा केली नाही.

हिंदुस्थानातील कारागिरांबद्दलही त्याला कळवळा होता. १८७९ साली बर्मिंगहॅम येथे दिलेल्या व्याख्यानात त्याने आपल्याच देशबांधवांना दोष दिला. इंग्रजांचे राज्य व व्यापार यांमुळे हिंदी विणकरांची कला मरत चालली आहे आणि सरकारी तुरुंगांत कैद्यांकडून स्वस्त गालिचे विणवून घेतल्याने तिचा नाश लवकर ओढवत आहे, असे त्याचे म्हणणे होते. असे गालिचे आपल्या पुण्याजवळच्या येरवड्याच्या तुरुंगातही विणले जात. पूर्वेकडील कापड व गालिचे यांना तो गुरू मानी. १८९३ साली इराणातील अर्दबील येथील एक प्रचंड जुना गालिचा लंडनमध्ये विकावयास आला, तेव्हा तो संग्रहालयाने घ्यावाच, असा आग्रह मॉरिसने धरला आणि २,००० पौंडांना तो विकत घेण्यात आला. तो आजही तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

त्याची धाकटी मुलगी मे हिने बापाची विद्या उचलली. तेवीस वर्षांची असतानाच, १८८५ साली, तिने भरतकामाचा सारा विभाग हाती घेतला. केल्मस्कॉटच्या घरातील वडिलांच्या जुन्या पलंगासाठी तिने व तिच्या सोबतिणींनी भरलेले पडदे आजही तेथे पाहावयास मिळतात. मॉरिस मात्र शेवटची पाच-सहा वर्षे सुंदर पुस्तके छापण्यात गढून गेला. टंक, कागद, शाई, सारे पुन्हा मुळापासून शिकून!

३ ऑक्टोबर १८९६ रोजी हॅमरस्मिथच्या घरी तो वारला. त्या वेळी तो बासष्ट वर्षांचा होता. तीन दिवसांनी त्याला केल्मस्कॉटला नेले. त्या दिवशी मुसळधार पाऊस होता. स्टेशनावर शेतावरची एक साधी गाडी उभी होती; पिवळ्या रंगाची, लाल चाकांची, वेली व विलोच्या फांद्यांनी सजविलेली. शवपेटी साध्या ओक लाकडाची होती, तिला झिलईसुद्धा दिलेली नव्हती. तिच्याबरोबर गाडीत एक जुने तुर्की जरीचे कापड होते. ते वर्षानुवर्षे मॉरिसच्या खोल्यांत असे. गाडीमागून भिजत चालणाऱ्यांत नामांकित चित्रकार होते, समाजवादी मित्र होते, मर्टनचे कामगार होते आणि खेड्यातील शेतकरी होते.

त्या आठवड्यात गावच्या लहानशा चर्चमध्ये सुगीचा सण होता. नवान्नाच्या दिवशी आपल्याकडे दाराला भाताच्या लोंब्या बांधतात, तशा गावकऱ्यांनी तेथील दिव्यांना ओट व बार्लीच्या लोंब्या गुंफल्या होत्या. खांबांच्या पायथ्याशी भोपळे, गाजरे आणि धान्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. ही सजावट कोणी मॉरिससाठी केलेली नव्हती. ती दरवर्षीचीच होती. त्या पिवळ्या-तांबड्या रंगांमधून त्याची पेटी आत नेली आणि मग बाहेर, पावसातच, त्याला मातीच्या स्वाधीन केले. त्याच्या थडग्यावरचा साधा दगड फिलिप वेबने आखून दिला.